नकाशावर घर आमचं, फोन भलत्याचा

आमच्या खोल्या नकाशावर आम्ही टाकल्याच नव्हत्या. देवबागला येऊन गेलेल्या कुणा पर्यटकाने जाता जाता पिन टोचली, पाटीवरच्या नावापुढे स्वतःच्या मनाने ‘बीच रिसॉर्ट’ जोडलं, समोरच्या माडांचा आणि सासूबाईंच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याचा फोटो टाकला आणि तो आपल्या वाटेने गेला. गुगल मॅप्सवर हे कुणालाही करता येतं. त्यासाठी मालकाला विचारावं लागत नाही. पुढे येणारे-जाणारे रिव्ह्यू टाकत गेले. कुणी घावण्यांचं कौतुक केलं, कुणी पहाटे पाण्याचा पंप वाजतो म्हणून एक स्टार कापला. काही वर्षांत सरासरी ४.८ वर जाऊन बसली. आम्हाला त्याचं अप्रूप होतं, पण ते आपोआप उगवलेल्या माडाचं असतं तेवढंच.

देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधली चिंचोळी पट्टी. रस्ता एकच. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा झाला तेव्हा इथे येणारा माणूस कुणाच्या तरी ओळखीने यायचा, नाहीतर मालवणच्या एसटी स्टँडवर उतरून चौकशी करायचा. आता तो पुण्यात सोफ्यावर बसून स्टार बघतो, फोटो बघतो आणि तिथल्याच नंबरावर फोन लावतो. तो फोन उचलणारे आपणच आहोत, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर फोन थंडच होते. सगळीकडेच मंदी आहे, लोक गोव्याला जातात, अशी कारणं वाडीत चालली होती. डिसेंबरात नाताळच्या सुट्ट्या लागल्या, खोल्या जुन्या पाहुण्यांनी भरल्या आणि रात्री साडेनवाच्या सुमाराला अंगणात सांगलीकडची गाडी येऊन थांबली. नवरा-बायको, दोन मुलं, मागे म्हातारे आई-वडील. “वहिनी, दोन खोल्यांचं बुकिंग आहे आपलं.”

आमच्या वहीत ते नाव नव्हतं. त्यांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर डीपी आमच्या पाटीचा. आमच्याच खोल्यांचे फोटो, पाहुण्यांनी नकाशावर टाकलेले, तिथून उचललेले. बोलणं इतकं आदबशीर, की ह्यांनी इतक्या अदबीने कधी कुणाला उत्तर दिलं असेल असं मला वाटत नाही. आधी निम्मे पैसे ॲडव्हान्स, क्यूआर कोड पाठवून. ते गेल्यावर ‘रूम लॉक करण्यासाठी’ आणखी एक रक्कम, जी म्हणे आल्यावर परत मिळणार होती. “नंबर कुठून मिळाला?” “तुमच्याच मॅपवरून की.” त्यांनी उघडून दाखवलं. घर आमचं, फोटो आमचे, ४.८ आमचे, खालचा दहा आकडी नंबर आमचा नाही.

ओटीवर आवाज चढायला लागला तशी सासूबाई आतून आल्या. “आधी तेंका जेवूक वाढा, मगे काय ता बोला.” त्या सहा जणांना जेवायला वाढलं आणि झोपायची सोय शेजारच्या काकांकडे केली. जेवताना त्या सांगलीच्या दादांना १९३० ची आठवण झाली, ते बरं झालं. सायबर फसवणुकीत पैसे गेले की लावायचा हा देशभराचा नंबर. बँकेचं नाव, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम एवढं विचारतात, तक्रार नोंदवून घेतात, आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते अजून शिल्लक असतील तर गोठवायचा प्रयत्न होतो. म्हणून इथे तासांना किंमत आहे. त्यांचे पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, त्यामुळे फारशी आशा नव्हती. पण तक्रारीचा क्रमांक मिळाला आणि पुढे तोच क्रमांक आम्हालाही उपयोगी पडला.

दुसऱ्या दिवसापासून आमची धावपळ सुरू झाली. भाचा कुडाळला कॉम्प्युटरचं काम करतो, त्याला बोलावलं. त्याने पहिल्यांदा सांगितलं ते असं, “मामी, घर तुमच्या नावावर आहे म्हणजे ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर आहे. इथल्या उताऱ्यावर तुमचं नावच नाही.” नकाशावरच्या जागेला मालक नसेल तर कुणीही ‘दुरुस्ती सुचवतो’. नंबर चुकीचा आहे, हा घ्या नवा, असं एक-दोन खात्यांवरून सुचवलं की तो बदलून जाऊ शकतो. फसवणारा माणूस मालक नसलेल्या जागाच हेरतो. त्यातही रिव्ह्यू चांगले आहेत पण उत्तर एकालाही दिलेलं नाही अशी जागा दिसली की तो ओळखतो, इथे राखण नाही.

मालकी सांगायची तर पडताळणी हवी. पूर्वी गुगलकडून पोस्टकार्ड यायचं, त्यावरचा आकडा भरायचा. आमच्या वाट्याला व्हिडिओ आला. मोबाइलवर सलग काढायचा, मध्ये तोडायचा नाही, नंतर कातरायचा नाही. निदान अर्धा मिनिट. त्यात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: जागा कुठे आहे, तिथे खरोखर धंदा चालतो का, आणि दाखवणाऱ्याचा त्यावर ताबा आहे का.

शहरात हे सोपं असेल. आमच्या वाडीतल्या गल्लीला नाव नाही, पाटी नाही. शेवटी ह्यांनी मोबाइल धरून मुख्य रस्त्याच्या वळणापासून चालायला सुरुवात केली. शाळेची पाटी, विजेच्या खांबावर रंगवलेला नंबर, मग आमची पाटी. मी पुढे. ओटीच्या कडेने जाऊन खोलीचं कुलूप काढलं, आतले पलंग दाखवले, बाहेर येऊन टेबलाच्या खणातून बुकिंगची वही काढली आणि शेवटी लाइट बिल कॅमेऱ्यासमोर धरलं. मागे कोंबडा ओरडतोय, शेजारच्या काकी “काय गो, शूटिंग चल्ला काय?” विचारतायत, ते सगळं तसंच गेलं. नाव मात्र अडलं. पाटीवर ‘निवास’, नकाशावर ‘बीच रिसॉर्ट’. पडताळणीत पाटी आणि नोंद जुळावी लागते. भाचा म्हणाला, रिसॉर्टच ठेवूया, भारी वाटतं. मी नको म्हटलं. रिसॉर्ट म्हटलं की माणूस पोहण्याचा तलाव शोधत येतो आणि तो दिसला नाही की एक स्टार देतो. नोंदीतलं नाव पाटीप्रमाणे केलं, उन्हाने उडालेली पाटी रंगवून घेतली, खाली फोन नंबर हातभर आकड्यांत लिहिला आणि मग व्हिडिओ चढवला. इथल्या रेंजवर तो चढवणं हे वेगळंच व्रत होतं.

मान्यतेचा मेल आला तशी सर्वांत आधी नंबराची दुरुस्ती केली. फोन पुन्हा वाजू लागले आणि नोव्हेंबरच्या मंदीचा उलगडा झाला. मंदी नव्हतीच, आमचे फोन दुसरं कुणी उचलत होतं.

तोवर रिव्ह्यूंची वाट लागली होती. ‘फ्रॉड आहेत.’ ‘पैसे घेतात आणि ब्लॉक करतात.’ ‘फॅमिलीला घेऊन जाऊ नका.’ ओळीने एक-एक स्टार. इथे हिशेब समजून घेण्यासारखा आहे, कारण स्टारचा उतार फार घसरडा असतो. समजा, पन्नास रिव्ह्यूंची सरासरी ४.८ आहे आणि त्यात दहा एक-स्टार पडले. सरासरी येते जेमतेम ४.१७. तीच पुन्हा ४.८ वर न्यायची तर पाच स्टारवाले किती लागतील? एकशे नव्वद. दहांनी पाडलेलं उचलायला एकशे नव्वद, आणि तेही मध्ये कुणी चार न देता. आमच्यासारख्या चार खोल्यांच्या घराला एवढे पाहुणे जमवायला काही हंगाम जातील. त्यातून सगळेच काही लिहीत नाहीत.

घरात दोन पक्ष पडले. ह्यांचं आणि दिराचं म्हणणं, हे सगळे खोटे रिव्ह्यू आहेत, रिपोर्ट करून उडवा. दीर ओरोसला वकिली करतात. अब्रुनुकसानीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, नोटीस काढू का, असं ते तोंडपाठ सांगत होते. मी एकेक रिव्ह्यू पुन्हा वाचत बसले आणि मला ते खोटे वाटेनात. ही माणसं आमच्या अंगणात कधी आली नव्हती हे खरं. पण त्यांचे पैसे गेले होते, आमच्या नावाने गेले होते, आणि आमच्याच ४.८ वर विश्वास ठेवून गेले होते. ज्याचे आठ हजार गेले त्याला मी काय नोटीस पाठवू?

म्हणून उत्तरं लिहायची ठरवली. मालकी मिळाली की प्रत्येक रिव्ह्यूखाली मालकाला एक उत्तर देता येतं. पहिला कच्चा मजकूर ह्यांनी लिहिला होता, तो ‘आमचा याच्याशी काहीही संबंध नाही’ असा सुरू होत होता. वाक्य खरं होतं, पण वाचणाऱ्याला फसवणारा माणूसही असंच म्हणेल. खूप खोडाखोड करून असं ठरलं:

‘दादा, तुमचे पैसे आमच्या नावाने गेले याचं आम्हाला फार वाईट वाटतं. आमच्या नकाशावरच्या नोंदीत कुणीतरी स्वतःचा नंबर घातला होता. आमचा नंबर तो नाही, आमच्या पाटीच्या फोटोत दिसतो तो आहे. तुम्ही १९३० वर किंवा सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली नसेल तर कृपया करा. आमच्याकडे याच प्रकाराच्या तक्रारीचा क्रमांक आहे, फोन केलात तर देऊ. तुमच्या व्यवहाराचा क्रमांक मिळाला तर आमच्या अर्जाला जोडू.’

सगळ्यांना हेच चिकटवलं नाही. प्रत्येकाच्या मजकुराप्रमाणे शब्द बदलले, कारण तेच ते उत्तर ओळीने दिसलं की ते छापील वाटतं. आणि खरं सांगायचं तर ही उत्तरं त्या माणसापेक्षा पुढच्या वाचणाऱ्यासाठी असतात. महिन्याभराने कुणीतरी ठाण्यात बसून ‘फ्रॉड आहेत’ वाचणार आहे. त्याच्या खाली त्याला काय दिसतं, यावर त्याचं ठरणार असतं.

काहींनी फोन केले. सुरुवातीला आवाज रागाचाच असायचा, मग हळूहळू सविस्तर बोलायचे. एकाने व्हॉट्सॲपचं सगळं बोलणं पाठवलं, त्यात त्या भामट्याने आणखी दोन खाती वापरलेली सापडली. पुण्याच्या एका ताईंनी रिव्ह्यू बदलून लिहिलं की फसवणारा वेगळा आहे, हे लोक मदत करतात, आणि स्टार पाच केले. मी त्यांना सांगितलं, राहून जा, मग द्या पाच. त्या हसल्या, मे महिन्यात आल्या. बाकीच्यांपैकी कुणी रिव्ह्यू काढून टाकले, कुणी तसेच ठेवले. ज्यांचे पैसे परत आले नाहीत त्यांनी स्टार बदलावेत असा आग्रह मी कधी धरला नाही.

पोलिसांकडेही जावं लागलं. आमचे पैसे गेले नव्हते, त्यामुळे “तुमचं नुकसान काय?” हा प्रश्न साहजिक होता. इथे दिराच्या वकिलीचा खरा उपयोग झाला. त्यांनी अर्जात अब्रूचा विषय बाजूला ठेवून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड घातलं. संगणक किंवा फोन वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सोबत नोंदीचे स्क्रीनशॉट, त्यावर तारीख-वेळ दिसेल असे, सांगलीच्या दादांच्या तक्रारीचा क्रमांक, पाठवलेल्या क्यूआरचे फोटो. तो मोबाइल नंबर दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर, संशयास्पद फोन-मेसेज कळवायच्या ‘चक्षू’ सुविधेतही कळवला. स्क्रीनशॉटचं एक सांगते. नंबर दुरुस्त करायची घाई प्रत्येकाला असते, पण चुकीचा नंबर दिसत असतानाच फोटो काढून ठेवा. दुरुस्ती झाली की पुरावाही गेला.

सगळेच एक-स्टारवाले बिचारे नव्हते, हेही खरं. याच गर्दीत एकाने लिहिलं होतं, ‘जुलैमध्ये राहिलो, सिंधुदुर्ग किल्ल्याची बोट बुक करून देतो म्हणाले आणि दिली नाही, जेवण भिकार.’ जुलैमध्ये! पावसाळ्यात किल्ल्याची होडी वाहतूक बंदच असते, मे अखेरीला थांबते ती ऑगस्ट सरल्यावर सुरू होते. हे मालवणात कुणीही सांगेल. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांना होडीपेक्षा जेवणाचं लागलं. “आमच्याकडे जेवलेलो माणूस असा लिवचो नाय.” हा रिव्ह्यू मी रिपोर्ट केला. तिथे कारण निवडायला लागतं: विषयाशी संबंध नाही, स्पॅम, हितसंबंध, शिवीगाळ, वैयक्तिक माहिती वगैरे. ‘खोटं आहे’ असा सरळ पर्याय नाही, आणि त्यामागे नियम आहे: मालक आणि ग्राहक यांच्यात प्रत्यक्ष काय घडलं याचा निवाडा गुगल करत नाही. रिपोर्ट नाकारला गेला तर एकदा अपील करता येतं. आमच्याकडचा एक रिव्ह्यू असा काढला गेला, त्यात शिव्या होत्या. होडीवाला राहिला. त्याच्याखाली मी एवढंच लिहिलं: ‘जुलैमध्ये किल्ल्यावर होडी जात नाही. सप्टेंबरनंतर या, आम्ही स्वतः जेटीवर घेऊन जाऊ.’ आता पाहुणे येतात तेव्हा हटकून विचारतात, तो होडीवाला कोण हो? मला वाटतं त्या एका रिव्ह्यूने आम्हाला चार चांगल्यांपेक्षा जास्त फायदा करून दिलाय.

याच काळात ‘ऑनलाइन रेप्युटेशन’ सांभाळून देणाऱ्यांचे फोन सुरू झाले. रेटिंग पडलेली दिसली की त्यांना वास लागतो. शंभर पाच-स्टार अमुक रुपयांत, मजकूर आमचा, नावं मराठी पाहिजेत तर मराठी. एकाने नमुना पाठवला: ‘निसर्गरम्य वातावरण, उत्तम सेवा, नक्की भेट द्या.’ ती भाषा वाचली आणि आजूबाजूच्या कितीतरी जागांखालचे रिव्ह्यू एकदम ओळखीचे वाटले. पैसे किंवा सवलत देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, ते याच विकतच्या रिव्ह्यूंच्या त्रासाने. मानक ऐच्छिक आहे, त्यामुळे धंदा थांबलेला नाही. माझी अडचण नियमाची नव्हतीच. ज्या माणसांचे पैसे आमच्या नावावरच्या विश्वासाने गेले, त्यांच्या डोक्यावर विकतचे शंभर रिव्ह्यू ओतून त्यांना खाली ढकलायचं, हे मला जमलं नसतं.

आम्ही विचारायला लागलो, एवढंच केलं. निघताना पाहुण्यांना सांगते, जे वाटलं ते लिहा, पंप वाजतो तेही लिहा. सोलकढीवर बिलात सूट देऊन रिव्ह्यू मागत नाही. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच विचारायचं, असंही करत नाही. नाराज माणूस आधी आपल्याशी बोलला तर त्याचं अर्धं काम तिथेच होतं. पंपाची वेळ बदलली ती अशाच एका काकांमुळे.

बाकी राखणीची कामं आता सवयीची झालीत. नोंद माझ्या मेलवर आहे, भाचा फक्त व्यवस्थापक. मेलला दोन टप्प्यांचं कुलूप आहे. मालकी आपली असली तरी लोक बदल सुचवू शकतात, मग मेल येतो आणि मी तो नाकारते. मध्ये कुणीतरी ‘कायमचं बंद’ असं सुचवलं होतं, भर मे महिन्यात. फोटोंवर कोपऱ्यात आमचा नंबर टाकलेला असतो. बुकिंगच्या निरोपात पहिली ओळ असते: पैसे पाठवण्याआधी यूपीआय ॲपमध्ये सासऱ्यांचं नाव दिसतं का बघा, दुसरं नाव दिसलं तर थांबा आणि फोन करा. हे खातं सासऱ्यांच्या नावाने आहे, त्यामुळे मधूनच कुणीतरी फोन करून विचारतं, हे आजोबा कोण? विचारतात ते बरंच आहे.

सरासरी आता ४.६ आहे. सांगलीच्या दादांचे थोडे पैसे परत आले, बरेचसे नाही. पोलिसांकडून अजून चौकशी चालू असल्याचं कळतं.

सध्या शेजारच्या काकांची नोंद बघतोय. त्यांच्या घराची मालकी नकाशावर तिसऱ्याच कुणाच्या मेलवर निघाली आहे. काही वर्षांपूर्वी एका एजंटाने ‘फुकट करून देतो’ म्हणून केली होती, तो आता फोन उचलत नाही. त्या मेलवर मालकी सोडण्याची मागणी भाच्याने पाठवली आहे. उत्तर नाही आलं तर पुन्हा व्हिडिओचा मार्ग आहे. काकांना म्हटलंय, पाऊस लागण्याआधी तेवढी पाटी रंगवून घ्या, आणि लाइट बिल कुठे ठेवलंय ते काकींना विचारून ठेवा.